सेकंद गेला कुठे? आखूड ट्रॅकवर दोन गाड्या ताडून बघणाऱ्या नवख्यांसाठी

जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला, इबाराकी प्रांतात त्सुकुबा नावाचा ट्रॅक आहे. १९७० सालचा. लांबी जेमतेम २.०४५ किलोमीटर. निसानने आपली जीटी-आर निस्मो, म्हणजे ६०० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्तीच) गाडी, तिथे ५९.०७८ सेकंदांत फिरवली आणि मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. भागाकार करून बघा. सरासरी वेग ताशी १२५ किलोमीटरही भरत नाही. एवढ्या वेगाने तर आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरा नसलेल्या टप्प्यात कुणीही जावई सासुरवाडीला निघालेला दिसतो. २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनमध्ये सेबास्टियन फेटेलने १ मिनिट २७.२४९ सेकंदांची सर्वांत वेगवान फेरी मारली, तिची सरासरी निघते २११.

मग ते ६०० पीएस गेले कुठे? वळणांत गेले. आखूड, अरुंद ट्रॅकवर इंजिनाला पूर्ण ताकदीने धावायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. बाकी सगळा वेळ गाडी थांबत असते, वळत असते किंवा वळणातून सावरत असते. म्हणून स्पोर्ट्सकारची पारख करायला मला असा ट्रॅक आवडतो. इथे पैसे आणि ताकद यांच्या जोरावर फार काही झाकता येत नाही.

पण दोन गाड्या नेल्या, फोनवर घड्याळ लावलं आणि कमी आकडा आला ती चांगली ठरवली, असं करून चालत नाही. शाळेत उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या नसतील तर गुण कापायचे, आठवतं ना? लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागलेला वेळ, हे नुसतं उत्तर आहे. खालचं सगळं त्या पायऱ्या कशा मांडायच्या याबद्दल आहे.

आधी ट्रॅक समजून घ्या

पुण्या-मुंबईच्या मंडळींना सहसा जायला मिळतो तो कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे. लांबी साधारण २.१ किलोमीटर, म्हणजे त्सुकुबाच्याच मापाचा. पुण्यातून बाराशेच्या आसपास किलोमीटर पडतात. घरी बसून तयारी करायची असेल तर मात्र त्सुकुबाच बघा, कारण तिथल्या गाड्यांच्या झुंजीचे व्हिडिओ १९८०च्या दशकापासूनचे मिळतात आणि वळणं मोजकी असल्यामुळे लगेच पाठ होतात. पहिलं उजवं वळण, मग नागमोडी, मग डावीकडे पहिली हेअरपिन (केसांच्या आकड्यासारखं उलट फिरवणारं वळण), पुलाखालचं डनलॉप नावाचं वळण, पुन्हा उजवीकडे दुसरी हेअरपिन, मागचा लांब सरळ पट्टा आणि शेवटचं लांबलचक उजवं वळण. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे डाव्या बाजूचे टायर जास्त तापतात. असल्या बारक्या गोष्टी आधीच टिपून ठेवा, पुढे कामाला येतात.

शक्य असेल तर सकाळी ट्रॅक पायी फिरा. गाडीतून दिसत नाही असं पुष्कळ काही पायाखाली कळतं. कुठे चढ आहे, कुठे वळणाच्या आतल्या बाजूची पट्टी उंच आहे, कुठे वाळू साचली आहे. मग प्रत्येक वळणाला तीन खुणा ठरवा: ब्रेक कुठे, आतली कड कुठे शिवायची, बाहेर कुठे निघायचं. दोन्ही गाड्यांना याच खुणा वापरायच्या आहेत.

आता एका हेअरपिनचा हिशोब करू, कारण सगळा खेळ त्यातच आहे. समजा वळणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि टायर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतकी, बाजूची पकड देतो. त्या पकडीत गाडी ताशी ५० किलोमीटरने वळेल, त्यापेक्षा जास्त नाही. मग गाडी दहा लाखांची असो की दोन कोटींची. पकड दहा टक्के वाढली तर वेग जातो ५३ वर. दिसायला काहीच नाही. पण तो अर्धवर्तुळाकार ६३ मीटरचा रस्ता ४.५ ऐवजी ४.३ सेकंदांत सरतो. शिवाय पुढे साडेचारशे मीटरचा सरळ पट्टा असेल तर तो जास्तीचा वेग पट्ट्यावर सोबत येतो. ढोबळ गणिताने तिथेही पावणेदोन दशांश सेकंद सुटतात. म्हणजे एका वळणापोटी जवळजवळ ०.४ सेकंद. टायरच्या पकडीतल्या दहा टक्क्यांनी हे केलं, इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता.

टायर आधी, गाडी नंतर

त्यामुळे तुलनेतला सर्वांत मोठा घोटाळा टायरमध्येच होतो. एका गाडीला मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस आणि दुसरीला ट्रॅकसाठीचा कप २ असेल, तर तुम्ही गाड्यांची नाही, टायरांची शर्यत लावली आहे. टायरच्या कडेवर ट्रेडवेअर नावाचा आकडा छापलेला असतो. ४एसवर तो ३००, कप २ वर १८० च्या आसपास. आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी, असा ढोबळ ठोकताळा. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे २०० आणि २०० एकसारखे असतीलच असं नाही. पण ३०० वाल्याला २०० वाल्याशी भिडवू नका एवढं तरी त्यावरून कळतं.

दोन्ही गाड्यांना एकच मॉडेल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर निदान वहीत लिहा आणि निष्कर्ष काढताना जीभ आवरा.

हवेचं गणित वेगळं शिकावं लागतं. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायर आतून ६० अंशांवर गेला की साडेछत्तीसच्या वर जाते. पदार्थविज्ञानच आहे हे, त्यात गाडीचा काही दोष नाही. म्हणून ट्रॅकवर थंड टायरच्या हवेला फारसा अर्थ नसतो, गरम टायरची हवा मोजायची. फेरी संपवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आलात की पहिलं काम तेच, पाणी प्यायच्याही आधी. दोन मिनिटं गप्पांत गेली की आकडा उतरायला लागतो. चारही टायरांची हवा लिहा, डाव्या-उजव्याचा फरक बघा आणि जास्तीची सोडून द्या. गेज मात्र स्वतःचं, एकच आणि दोन्ही गाड्यांना तेच वापरा. पेट्रोल पंपावरच्या यंत्रांचं आपापसात पटत नाही.

वजन आणि ब्रेक

पेट्रोलचं वजन लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास. एकाची टाकी काठोकाठ आणि दुसऱ्याची रिझर्व्हला आलेली असेल तर तीस-पस्तीस किलोंचा फरक आधीच पडला. स्टेपनी, जॅक, मागच्या सीटवरचं सामान, डिकीतली क्रिकेटची बॅट, सगळं काढा. बॅटचं मी गमतीने नाही लिहिलं. ब्रेक मारल्यावर ती पुढे घरंगळत आली आणि त्या आवाजाने माझा एक आख्खा लॅप गेला आहे.

वजनाचा खरा हिशोब ब्रेकना चुकता करावा लागतो. ताशी १६० वरून ५० वर यायचं असेल तर १,००० किलोच्या गाडीच्या ब्रेकना जितकी उष्णता गिळावी लागते, तेवढ्यात साधारण २.७ लिटर पाणी उकळेल. १,७०० किलोच्या गाडीच्या बाबतीत साडेचार लिटर. एका वेळच्या ब्रेकला. सगळ्या पाहुण्यांचा चहा झाला तरी पाणी उरेल! आणि आखूड ट्रॅकवर हे मिनिटा-सव्वा मिनिटात दोन-तीनदा होतं, थंड व्हायला सवड मिळत नाही. माझदा रोडस्टरसारखी हजार किलोच्या घरातली गाडी त्सुकुबावर दिवसभर एकसारखे लॅप मारत राहते आणि दुप्पट ताकदीची जड गाडी दोन लॅपनंतर धापा टाकते, त्याचं कारण बरेचदा इथे असतं.

ब्रेक ऑइलकडे नवख्यांचं लक्षच जात नाही. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं बाष्प शोषतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. परिणाम असा की पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या गाडीचं ऑइल तीन वर्षांचं होतं, बदलायचं बदलायचं म्हणून राहिलेलं. चौथ्या लॅपला मुख्य पट्ट्याच्या टोकाला पेडल निम्म्याहून खाली गेलं. दोनदा पंप केलं, गिअर खाली टाकला आणि वळण सोडून सरळ मातीत उतरलो. कुणाला काही झालं नाही. धुळीने भरलेल्या गाडीतून बाहेर आलो तर ट्रॅकवरचा मार्शल शांतपणे म्हणाला, "ऑइल, सर?" त्याला रोजचं होतं. ट्रॅकला जायच्या आठवड्यातच नवं ऑइल भरा आणि ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर तेही बदला.

हेल्मेट, बंद बूट, सुती कपडे, टोइंग हुक लावलेला, हे आयोजक सांगतातच. ते सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे विमा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ठोकलीत तर खिशातून.

कोण चालवणार, आणि कोणत्या क्रमाने

"तू तुझी चालव, मी माझी चालवतो" ही तुलना नव्हे, पैज झाली. एकच चालक दोन्ही गाड्या चालवेल. तो फार वेगवान नसला तरी चालेल, पण एकसारखा हवा. पाच लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत मारणारा माणूस, एकदाच चमकून पुढचे चार लॅप वाया घालवणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा. तुमच्याच लॅपांमध्ये दीड सेकंदाचा फरक पडत असेल तर दोन गाड्यांमधले तीन दशांश तुम्हाला दिसणारच नाहीत. अशा वेळी आधी दिवसभर एकाच गाडीवर हात बसवा.

क्रमही महत्त्वाचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी हॅचबॅक सकाळी नऊला चालवली आणि मित्राची टर्बो सेडान दुपारी बाराला. (दोन्हींना स्पोर्ट्सकार म्हणताना जीभ अडखळते, पण शिकायला पुरतात.) सेडान हळू निघाली. मित्राचं तोंड उतरलं. मग जेवल्यावर चारच्या सुमारास माझीच गाडी पुन्हा काढली तर ती सकाळपेक्षा सात दशांशांनी मागे! ट्रॅक तापलेला, हवा तापलेली, मीही तापलेलो. ५ अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी जास्तच दाट असते आणि इंजिनाला दाट हवाच लागते. जपानी मंडळी त्सुकुबावर विक्रमासाठी कडाक्याच्या हिवाळ्यातल्या सकाळी धरतात ते उगीच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिली गाडी, दुसरी गाडी, पुन्हा पहिली. पहिल्या गाडीच्या दोन खेपांत जो फरक पडेल तो दिवसाचा, हवेचा, ट्रॅकचा. त्या दोन खेपांची सरासरी काढून मग दुसरी तिच्याशी ताडा. वेळ असेल तर दुसरीलाही परत काढा. प्रत्येक खेपेला एक लॅप टायर-ब्रेक गरम करायला, तीन लॅप जोरात, एक लॅप ब्रेक न मारता गार करायला. जोरातले तिन्ही लॅप लिहायचे, फक्त सर्वांत चांगला नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा), स्पोर्ट मोड वगैरे जे काही असेल ते पहिल्या खेपेला आहे तसंच राहू द्या. नंतर बदललंत तर दोन्ही गाड्यांत बदला.

घड्याळ

फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदा जागा सांगतो. सेकंदात गाडी तीस मीटर पुढे गेलेली असते. मधली जागा अॅप अंदाजाने भरतं, त्यामुळे लॅप टाइम बऱ्यापैकी येतो, पण हेअरपिनमधला खरा कमीत कमी वेग हुकतो. आणि आपल्याला हवाय तो नेमका तोच. वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्या. रेसबॉक्स मिनीसारखं यंत्र सेकंदाला २५ नोंदी करतं आणि रेसक्रोनोसारख्या अॅपला ब्लूटूथने जोडता येतं. डॅशबोर्डवर काचेजवळ घट्ट चिकटवा आणि दोन्ही गाड्यांत एकच यंत्र फिरवा.

आकडे उघडून बघताना

आता पायऱ्यांचे गुण. अॅपमध्ये दोन लॅप एकावर एक टाकता येतात: आडवं अंतर, उभा वेग. जिथे रेघा एकमेकींपासून दूर होतात तिथे सेकंद गेलेला असतो.

मी चार जागा बघतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी कमाल वेग, ब्रेक कुठे सुरू झाला ती जागा, वळणातला किमान वेग, आणि वेग परत वाढायला लागतो ती जागा. यातली शेवटची मला सर्वांत बोलकी वाटते. चालकाला गाडीवर भरवसा असेल तर तो गॅस लवकर देतो. भरवसा नसेल तर वाट बघतो. हँडलिंग म्हणून जे काही आपण कौतुकाने बोलतो, त्याचा मापता येणारा भाग बराचसा त्या चार-पाच मीटरांत असतो.

आम्ही दुसऱ्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा सेडान एकूण चार दशांशांनी पुढे होती. मित्र खूश. रेघा उघडल्या तर सरळ पट्ट्यांवर तिने नऊ दशांश कमावले होते आणि वळणांत पाच गमावले होते. प्रत्येक हेअरपिनमध्ये माझी हलकी गाडी थोडी उशिरा ब्रेक मारून थोडी आधी निघत होती. आता यातली चांगली कोणती? मोठ्या ट्रॅकवर सेडान मला नजरेआड करेल. याहून आखूड, कार्टिंगच्या मापाच्या ट्रॅकवर मी पुढे राहीन. म्हणून कुणी नुसता एक लॅप टाइम तोंडावर फेकला की पहिला प्रश्न विचारायचा, कुठला ट्रॅक?

हँडलिंग शब्दांत कसं लिहायचं

"मस्त चिकटून जाते" असं लिहून उपयोग नाही. प्रत्येक वळण तीन तुकड्यांत मोडा आणि गाडीतून उतरल्या उतरल्या, घाम पुसायच्या आत, लिहून काढा.

आत शिरताना: ब्रेक सोडत स्टिअरिंग वळवलं तेव्हा नाक लगेच आत आलं की क्षणभर विचार करत बसलं? ब्रेकवर मागचं बूड हलकं होऊन डुलत होतं का?

मध्ये: स्टिअरिंग आणखी वळवूनही गाडी बाहेरच ढकलली जात असेल तर ते अंडरस्टिअर. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. वळत नाही म्हणून ते आणखी वळवतात. पुढचा टायर आधीच पकडीच्या पलीकडे गेलेला असतो, त्याला आणखी वाकडं करून तो जास्तच घासतो. अशा वेळी स्टिअरिंग किंचित सरळ करा, गॅस किंचित कमी करा आणि थांबा. आणि ही खरंच गाडीची खोड आहे की आपण वेगात शिरलो, हे ठरवायला पुढच्या लॅपला त्याच वळणात ताशी तीन किलोमीटर कमी वेगाने शिरून बघा. नाक गपगुमान आत आलं तर दोष तुमचा.

बाहेर पडताना: गॅस दिल्यावर गाडीचं मागचं बूड बाहेर सरकलं तर ओव्हरस्टिअर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेगळीच कथा घडते. वळणात आतल्या चाकावरचं वजन उतरलेलं असतं, साधं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग) सगळी फिरकी त्याच चाकाला देऊन टाकतं आणि ते जागच्या जागी किंचाळत फिरतं. इंजिन गरगरतंय आणि गाडी पुढे जात नाही. होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाला असं मोकाट फिरू न देणारं, देतात ते यासाठीच. सरळ रस्त्यावर त्याची किंमत कळत नाही, हेअरपिनमध्ये कळते.

गिअरही लिहा. एखाद्या वळणाला दुसरा गिअर ओरडतो आणि तिसरा रेंगाळतो असं बरेचदा होतं. तिथे गेलेला वेळ हँडलिंगच्या खात्यावर टाकू नका.

आणि हो, हे घाटात करून बघायचं नाही. आंबेनळीत हेअरपिन आहेत म्हणून तिथे खुणा ठरवायला गेलात तर समोरून लाल डबा येतो. त्याच्या ड्रायव्हरला तुमचा लॅप टाइम माहीत नसतो.

दिवस संपताना

शेवटच्या खेपेनंतर पिटमध्ये थांबलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ब्रेक डिस्कवर पॅड दाबून ठेवले की त्यांचा थर तिथेच चिकटतो आणि मग ब्रेक मारला की गाडी थरथरते. गिअरमध्ये टाका, चाकाखाली विटेचा तुकडा सरकवा. अर्ध्या तासाने चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. आणि दिवसभर गरम टायरमधून जी हवा थोडी थोडी सोडलीत ती परत भरल्याशिवाय निघू नका, कारण रात्री टायर गार होतील तेव्हा ती बावीस-चोवीसवर येऊन बसलेली असेल आणि पुढे बाराशे किलोमीटर आहेत.